लेकीच्या बारशाला मी झोपले होते

माझं बाळंतपण खरं तर माहेरी, बाभुळगावला व्हायचं होतं. आईनं डिंक आणून ठेवला होता, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, आणि मला कोणत्या खोलीत ठेवायचं यावरून वडिलांशी एकदा भांडूनही घेतलं होतं. मग मला सातवा महिना असताना ती अंगण धुताधुता घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. प्लास्टरमधल्या हातानं तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती, ती बाळाला न्हाऊ काय घालणार? म्हणून मी नेरलाच राहिले, सासरी, आणि माझं बाळंतपण सासूबाईंच्या हाती गेलं.

सासूबाईंचं आणि माझं तोवर चांगलं चाललं होतं. पण ते चांगलं चालण्याचं एक कारण असंही होतं की दिवसभर मी घरात नसायची. मी औषधनिर्माणशास्त्राचा डिप्लोमा केलेला, बसस्टँडजवळच्या एका मेडिकलमध्ये काउंटरवर असायची. नवरा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात, आठवड्याला पाळी बदलणारा. घर सासूबाईंचं होतं, आम्ही दोघं तिथं जेवायला आणि झोपायला येत होतो, असं म्हटलं तरी चालेल. उंच, काटक बाई. आवाज असा की अंगणातून बोलल्या तरी गल्लीच्या टोकाचा माणूस वळून पाहायचा.

मेडिकलच्या काउंटरवर मी नव्या आया खूप पाहिल्या होत्या. ग्राइप वॉटर मागायला येणाऱ्या, दुधाच्या डब्याची चौकशी करणाऱ्या, कुर्ता उलटा घालून आलेल्या. औषधाची पिशवी काउंटरवरच विसरून जायच्या आणि मी मागून हाका मारायची. मला वाटायचं, या बायका जरा वेंधळ्याच असतात. मग माझी मुलगी झाली आणि पहिल्याच आठवड्यात मी बाळाच्या मांड्यांना लावायचं मलम टूथब्रशवर घेऊन दात घासायला लागले. चव कळायलाही जरा वेळच लागला.

मुलगी प्यायची थोडंसं आणि ओरडायची मोरासारखी. पाच-दहा मिनिटं प्यायली की डोळे मिटायची, खाली ठेवली की उघडायची. रात्री असं आणि दिवसाही असंच. रात्रीचं मला काही वाटत नव्हतं, लेकरं रात्री जागवतात हे सगळ्यांनी सांगितलं होतं. दिवसा झोपून भरून काढू, असा माझा हिशेब होता. पण सासूबाईंचे दोन नियम होते. पहिला, बाळंतिणीनं दिवसा झोपायचं नाही.

"दिवसा झोपली की बायंतिनीचं अंग सुजते," त्या म्हणायच्या. "माह्या चुलत जावेचं सुजलतं. डोये दिसत नोते तिचे."

दुसरा नियम, पडून पाजायचं नाही. पडून पाजलं की दूध लेकराच्या कानात जातं आणि कान फुटतो. त्यामुळे मी भिंतीला टेकून, पाठ ताठ ठेवून, मांडीवर घेऊन पाजायची. पाजून झालं की शेक, शेक झाला की न्हाणं, न्हाणं झालं की पुन्हा पाजणं. आणि दुपारी जरा सामसूम झाली की माणसं भेटायला यायची. दिवाळी झालेली होती, कापूस बाजारात जायला लागला होता, त्यामुळे खेड्यातले नातेवाईक टेम्पोसोबत नेरला आले की आमच्याकडे डोकावून जात. कुणी आलं की बाळंतिणीनं उठून बसायचं, बाळ दाखवायचं, ते कुणासारखं दिसतं हे ऐकायचं. नाक आजोबांसारखं, कान आत्यासारखे. माझ्यासारखं त्या मुलीत काही आहे असं एकानंही सांगितलं नाही.

सासूबाई कष्ट कमी करत होत्या असं नाही, हे मला तेव्हाही दिसत होतं. पहाटे उठून माझं पाणी तापवायच्या, मेथीचे लाडू करायच्या, बाळाचे कपडे रोज स्वतः धुवायच्या. मला चुलीकडे फिरकूही देत नव्हत्या. फक्त झोपू देत नव्हत्या. डोळा लागायला आला की त्यांना पलीकडच्या खोलीतून कसं कळायचं कोण जाणे. "जागी हाय ना व?" अशी हाक यायची.

एका दुपारी मागच्या गल्लीतल्या एक आजी आल्या. त्यांना सात लेकरं झालेली, आणि सातही बाळंतपणं त्यांना सविस्तर आठवत होती. मी भिंतीला टेकून पाजत होते. तिसऱ्या बाळंतपणापर्यंत मी ऐकल्याचं मला आठवतं. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले ते सासूबाईंच्या किंकाळीनं. माझा हात सैल पडला होता आणि मुलगी मांडीवरून घसरून खाली घातलेल्या गोधडीवर गेली होती. तिला काही झालं नव्हतं. ती रडलीही नाही, छताकडे पाहत तोंडानं चुटूचुटू करत पडली होती. रडले मी.

आजी म्हणाल्या, "दूध पुरून नाई राह्यलं तिले. वरचा डबा लावा, म्हंजे लेकरू बी झोपन अन् माय बी."

सासूबाईंनी मुलीला उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, छातीशी धरलं आणि आजींना म्हणाल्या, "तुमी मंग या बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी ऑटो बोलावला. लेकरू पडलं म्हणजे डॉक्टरला दाखवायचंच, असं त्यांचं म्हणणं. मांडीवरून गोधडीवर पडलं होतं, पण मी वाद घातला नाही. घराबाहेर पडायला मिळत होतं.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मुलीला तपासलं, वजन केलं. वजन छान वाढत होतं, दूध पुरत होतं, डब्याची काहीच गरज नव्हती. ज्यांना लागतो त्यांना लागतो, त्यात वाईट काही नाही, पण तुम्हाला नको, असं त्या म्हणाल्या. मग मला विचारलं, "आणि तुम्ही कधी झोपता?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यातून नुसतं रडू बाहेर आलं. सासूबाईंनी घाईघाईनं सांगितलं, "रात्री झोपते ना. दिवसा कायले झोपावं लागते?"

"रात्री बाळ किती वेळा उठतं?"

"ते तं उठतेच. लेकरू हाय ते."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि हसताहसता त्यांना जांभई आली. तोंडावर हात धरून म्हणाल्या, "माफ करा, माझ्याही घरी एक आहे." त्या जांभईनं सासूबाई जरा नरमल्या असं मला वाटतं. मग डॉक्टरीणबाईंनी तपासायच्या पलंगावर मला कुशीवर झोपवून दाखवलं, मुलीला कसं जवळ घ्यायचं, तिचं डोकं किती वर राहिलं पाहिजे, नाक कसं मोकळं ठेवायचं. घरी खाली सपाट गादी घालायची, बाळाजवळ उशी नको, रजई नको. पिऊन झालं की बाळाला बाजूला, त्याच्या स्वतःच्या अंथरुणावर पाठीवर ठेवायचं.

"आणि हिला पाजतापाजता झोप लागली तर?" त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "जवळ कुणीतरी जागं बसलेलं पाहिजे. बाळाला उचलून बाजूला ठेवायला. कोण बसेल?"

"मी हाय ना," सासूबाई म्हणाल्या. "पन कानात दूध?"

"डोकं जरा वर असलं की नाही जात. मी माझ्या मुलाला असंच पाजते."

परतताना ऑटोत मुलगी सासूबाईंच्याच मांडीवर होती. बाजार समितीच्या रस्त्याला कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आमचा ऑटो त्यात अडकला. तिथं त्या एकदम म्हणाल्या, "माही सासू बी मले झोपू देत नोती."

मी पाहिलं त्यांच्याकडे.

"मी म्हनो, वासराले पानी पाजून येतो. अन् लेकरू घेऊन कोठ्यात जाओ. तिथं कडबा राहे. कडब्यावर पडलं का अशी झोप लागे का इचारू नको." त्या हसायला लागल्या. "सासू म्हने, ह्या वासराले लय तहान लागते, बापा. दिवसातून चारदा पानी पाजते सून."

"मग मला का नाही झोपू दिलं?" मी विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं.

त्यांनी खांदे उडवले. "आता काय सांगू. सासू झाल्यावर तेच तोंडात येते, जे आपल्या सासूनं म्हनलतं." मग मुलीचं दुपटं नीट करत म्हणाल्या, "काल पोरगी घसरली तवा मी लय भेली. तिच्यापरस तुह्याकडं पाहून. तू बसल्या बसल्या मेल्यावानी दिसत होती."

त्या दुपारपासून सासूबाईंनी माझी झोप हातात घेतली. आणि त्यांची कुठलीही गोष्ट हातात घेण्याची एकच रीत होती. घरातली सगळ्यात आतली खोली रिकामी केली. खाली गादी, बाजूला मुलीचं वेगळं अंथरूण. दुपारचं जेवण झालं की मी कुशीवर पडून पाजायची आणि त्या दारात पाट टाकून, तूर निवडायचं सूप मांडीवर घेऊन बसायच्या. पहिल्या दिवशी मला झोप येईना. कुणीतरी एकटक पाहत असलं की झोप कशी येणार?

"डोये मीट," त्या म्हणाल्या.

"तुम्ही बघू नका ना माझ्याकडे."

"मंग कोनाकडं पाहू? तुह्याकडं पाह्याले तं बसली."

त्यानंतर त्यांनी पाट फिरवून घेतला आणि नजर मुलीवर ठेवली. मला झोप लागली. जाग आली तेव्हा मुलगी तिच्या अंथरुणावर पाठीवर पसरली होती, सूप रिकामं झालं होतं, आणि मी इतके दिवस कोणत्या धुक्यातून चालले होते ते मला कळलं. त्या दिवशी संध्याकाळी मी नवऱ्याशी न चिडता बोलले. तो घाबरून म्हणाला, "बरं वाटत नाही का तुला?"

पाहुणे मात्र अडचणीत आले. दुपारी कुणी आलं तर सासूबाई ओसरीतच अडवायच्या. बाळ पाहायचं तर चारनंतर. मागच्या गल्लीतल्या आजींना त्यांनी दारातूनच परत पाठवलं, पण जाताना दोन लाडू बांधून दिले म्हणून भांडण झालं नाही. फोन तर त्यांनी माझा काढूनच घेतला, कणकेच्या डब्यात ठेवायला लागल्या. एकदा त्या घरी नसताना कणकेतून रिंग वाजत होती आणि घरात कुणालाच सापडत नव्हती.

उरला आवाज. आमच्या भिंतीला लागून मोटरसायकलचं गॅरेज होतं. गॅरेजवाला आणि त्याची बायको मागच्याच दोन खोल्यांत राहायचे. तिला आम्ही सगळे भाभी म्हणायचो. गॅरेजमध्ये दुपारी ठोकाठोक चाले, मडगार्ड सरळ करणं, रिम ठोकणं, आणि एखाद्या बुलेटचा सायलेन्सर दुरुस्त झाला की तो किती छान झाला हे गल्लीला ऐकवणं. सासूबाई एक दिवस तशाच उठून गॅरेजमध्ये गेल्या. हे मला भाभीनं नंतर सांगितलं, नक्कल करून.

"काकू आली, कमर पे हात. म्हणे, बापू, माझी सून झोपून राह्यली, तुझा हातोडा कधी झोपते?"

गॅरेजवाला हसला, पण त्यानं ऐकलं. दुपारचे दोन तास तो ऑइल बदलायचा, पंक्चर काढायचा, ब्रेकची वायर घालायचा. ठोकायची कामं सकाळी. आणि त्या वेळात कुणी बुलेट घेऊन आलं तर त्याला गल्लीच्या तोंडापासून ढकलत आणावी लागे. मोठी धटिंगण पोरं, काळे गॉगल लावलेली, घाम पुसत बुलेट ढकलत येताना आमच्या खिडकीतून दिसायची.

भाभीनं स्वतःकडून एक भर घातली. ती मला हरीरा करून आणायला लागली, रवा आणि सुका मेवा तुपात परतून केलेलं दाट गोड पेय, त्यांच्याकडे बाळंतिणीला देतात ते. सासूबाईंनी पहिल्यांदा वाटी नाकाजवळ नेऊन पाहिली. "भारी पडन हे. बायंतिनीले पचन का?" भाभी म्हणाली, "मेरे तीन बच्चे इसी पे हुए, काकू." सासूबाईंनी एक घोट चाखला, मग आणखी एक, मग म्हणाल्या की खात्री करायला थोडं जास्त प्यावं लागेल. पुढच्या वेळेपासून भाभी दोन वाट्या आणायची.

असं सव्वा महिन्यापर्यंत चाललं आणि बारसं आलं.

बारशावरून घरात एक प्रश्न लोंबकळत होता. मला मुलीचं एक नाव ठेवायचं होतं, सासूबाईंना दुसरं. माझं नाव नवं होतं, छोटं, मी गरोदर असल्यापासून मनात धरलेलं. त्यांचं नाव त्यांच्या आईचं. नवऱ्याला विचारलं की तो कारखान्यात जायला निघायचा, सुट्टी असली तरी. बारशाच्या आदल्या दिवशीपर्यंत ठरलं नाही. दोघींनी एकमेकींना सांगितलं, उद्या पाहू.

बारशाच्या दिवशी मी सकाळपासून पायावर उभी होते. दारव्ह्याहून नणंद आली, बाभुळगावहून आई-वडील आले. आईचा हात तोवर बरा झाला होता आणि राहून गेलेलं सगळं करायची तिला घाई झाली होती. पाळणा सजवला, घुगऱ्या शिजल्या, गॅरेजवाल्यानं कुठूनतरी खुर्च्या आणून मांडल्या. मुलीला गर्दी आवडली नाही. ती प्यायची, सोडायची, रडायची, पुन्हा मागायची. मुहूर्त चारचा होता. तीनच्या सुमाराला मी नवी साडी नेसून, केसांत गजरा माळून तयार झाले आणि ती पुन्हा रडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "आत जाऊन पाज. पोट भरलं म्हंजे पाळन्यात गुमान राहीन."

मी आतल्या खोलीत कुशीवर पडले. सासूबाई मागोमाग येऊन नेहमीसारख्या दारात बसल्या. मला एवढंच आठवतं की साडीच्या निऱ्या चुरगळतील, हा विचार मी केला होता.

पुढचं सगळं मला सांगितलेलं आहे. आणि नवऱ्यानं मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओत पाहिलेलं.

चार वाजत आले तसं बायकांनी अंगण भरलं. नणंद मला बोलवायला आली. सासूबाईंनी तिला दारातच थांबवलं. मुलीला त्यांनी तिच्या अंथरुणावर ठेवलं होतं, ती झोपली होती, आणि मीही.

"आई, उठव ना तिले. मुहूर्त होऊन राह्यला."

"हळू बोल."

"अव पन बारसं हाय! मायच नाई तं बारसं कसं?"

"माय हाय ना. हे का, झोपली हाय. सकायपासून उभी हाय पोरगी."

नणंदेनं माझ्या आईला बोलावलं. आईनं आत डोकावून पाहिलं आणि ती सरळ सासूबाईंशेजारी बसली. म्हणाली, "मी तर म्हणते, आधी जेवायला वाढून घ्या."

म्हणून मग आधी जेवणं झाली. पुऱ्या, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. मुहूर्त केव्हाच टळला. जेवून बायका पुन्हा बसल्या, चहा झाला, चहा पुन्हा झाला. मी उठले नाही. बाभुळगावकडच्या बायकांची बस चुकायला आली. तेव्हा सासूबाईंनी तोडगा काढला, की बारसं करायचं, पण आवाज करायचा नाही.

त्या व्हिडिओत आवाज नाहीच म्हटलं तरी चालेल. आधी मला वाटलं मोबाइल बिघडला आहे. सासूबाई मुलीला घेऊन चवड्यांवर चालत येतात. बायका पाळण्याभोवती जमतात. बाळाला पाळण्याच्या खालून-वरून देताना मोठ्यानं नावं घ्यायची असतात, तर त्या नुसते ओठ हलवतात. भाभी मधेच हसायला लागते आणि ओढणीचा बोळा तोंडात धरते. मग आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं. ते तर तसंही हळूच सांगतात. पण त्यानंतर सगळ्या बायकांनी मिळून "कुर्र" करत आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, आणि तिथं सासूबाई दोन्ही हात वर करून सगळ्यांना थांबवतात. मग त्या जमलेल्या बायका, काही साठीच्या, काही सत्तरीच्या, माझ्या नणंदेच्या पाठीवरून एकेक करून हात फिरवतात, मांजरीला कुरवाळावं तसा. नणंदेचा चेहरा पाहण्यासारखा आहे. तिला हसू आवरत नाही आणि रागही आवरत नाही.

मला जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर वर सरकलं होतं. शेजारी मुलीचं अंथरूण रिकामं होतं. घरात कसलाच आवाज नव्हता. मला वाटलं सगळे निघून गेले. मी तशीच उठून दार उघडलं, आणि अंगणभर बायका बसल्या होत्या. हातात घुगऱ्यांच्या वाट्या, सगळ्या कुजबुजत. मला पाहून सगळ्यांच्या माना वळल्या.

"झालं का?" मी विचारलं.

"झालं," आई म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. एक तर माझ्या पहिल्या लेकीचं बारसं, आणि मी गजऱ्यावर झोपून त्याचा चेंदामेंदा केलेला. दुसरं म्हणजे नावाचं लक्षात आलं. उद्या पाहू म्हटलं होतं, आणि उद्या मी झोपले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नणंदेनं ते पाहिलं आणि ती उठून जवळ आली.

"तुहंच नाव ठेवलं व," ती म्हणाली. "मी आईचं ठेवनार होती. आई म्हने, तिचंच ठेव. झोपलेल्या मानसाच्या मागं आपलं नाव घुसवनं बरं दिसत नाई."

सासूबाई पाळण्याची दोरी ओढत बसल्या होत्या, जणू त्यांनी काही ऐकलंच नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "तुम्ही तुमच्या नावानं हाक मारा तिला. घरात दोन नावं असली तर काय बिघडलं?"

"मी मारतोच हाय दहा दिवसापासून," त्या म्हणाल्या. "तू झोपली राह्यली का."

अंगणातल्या बायका हसल्या, या वेळी मोठ्यानं. आता आवाजाला बंदी नव्हती. भाभी म्हणाली की आत्याचे धपाटे उधार राहिले आहेत, आणि मग नणंदेला पळायला जागा मिळाली नाही.

रजा संपल्यावर मी मेडिकलमध्ये परत गेले. पहिले काही महिने सासूबाई दुपारी मुलीला घेऊन दुकानात यायच्या. मालकानं मागच्या गोदामात, सलाइनच्या खोक्यांशेजारी मला खुर्ची लावून दिली होती. मी आत पाजायची आणि त्या काउंटरपाशी उभ्या राहायच्या. गिऱ्हाईक आलं की म्हणायच्या, "थांबा जरासे. लेकरू पिऊन राह्यलं." लोक थांबायचे. फार घाई असेल त्याला त्या विचारायच्या, तुला काय झालं, आणि घरगुती उपाय सांगायच्या. मालकानं मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं की अशानं आपलं सर्दीचं औषध खपणार नाही.

मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर भात-वरण खायला लागली, रात्री लांब झोपायला लागली, आणि आमचं घर हळूहळू माणसांत आलं. नवऱ्याची रात्रपाळी नसली तर रात्रीचं तो पाहतो. डायपर बदलणं त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं, हे त्यानं स्वतःच जाहीर केलेलं आहे आणि मी ते कधी खोडून काढलं नाही.

आता ती तीन वर्षांची आहे. अंगणवाडीतून आली की दुपारी अजिबात झोपत नाही. रविवारी मी जरा आडवी झाले की येऊन माझ्या पोटावर बसते, दोन बोटांनी माझी एक पापणी उचलते आणि आत वाकून पाहते.

"आई, झोपली का?"

मी म्हणते, हो, झोपले.

"बरं," ती म्हणते, पापणी सोडून देते, आणि दुसरी उचलून पाहते.